गफूरचाचांचा निळा कागद

गफूरचाचा प्रयोगशाळेतली तांब्याची भांडी घासायला ब्रश वापरत नसत. कॉलेज दरवर्षी ब्रश घ्यायचं आणि ते कपाटात कोरे करकरीत पडून राहायचे. चाचा मागच्या सिमेंटच्या टाक्यातून पेरापेरांच्या चार हिरव्या काड्या उपटत, त्यांची जुडी करत आणि नळाखाली उकिडवे बसून भांडं असं लख्ख करत, की त्यात स्वतःचं तोंड बघून मुली केस नीट करायच्या. त्या काडीचं पुस्तकी नाव एक्विसेटम. इंग्रजीत तिला घोड्याचं शेपूट म्हणतात. चाचा तिला नळकांडी म्हणत. तिच्या सालीत वाळूसारखी कच असते, म्हणून ती घासायला बरी. फार वर्षांपूर्वी कॉलेजची सहल घाटावर गेली असताना त्यांनी ती एका ओढ्यातून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती आणि टाक्यात लावली होती. पानं नाहीत, फूल नाही, नुसत्या पोकळ काड्या. तरी ते टाकं त्यांनी एक दिवस कोरडं पडू दिलं नाही.

चाचा आमच्या रोह्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. राहायला पुलापलीकडे अष्टमीत. मी तिथे लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते आणि मी तासिका तत्त्वावर होते, म्हणजे शिकवायचं सगळं आणि नोकरी मात्र आपली नाही. रोज पेणहून गाडीने यायचं, तास घ्यायचे, परत जायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना शिपाई समजून पाणी आणायला सांगितलं. त्यांनी आणून दिलं आणि मी ते किती घोटांत संपवते ते बघत उभे राहिले. माणूस असो की झाड, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याच्यावर त्यांचं बारीक लक्ष असायचं.

माझं पहिलं प्रात्यक्षिक होतं पर्णरंध्रांचं. पानाला खालच्या बाजूने बारीक तोंडं असतात, त्यातून वाफ बाहेर जाते, पाणी कमी पडलं की मुळांकडून हुकूम सुटतो आणि तोंडं मिटतात, असं मी फळ्यावर मोठ्या तोऱ्यात समजावलं. चाचा मागे स्लाइड पुसत होते. मुलं गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘हुकूम फुलझाडांचा झाला. नेच्याला कोण हुकूम सोडतो?’’

मला उत्तर येत नव्हतं, पण मी कबूल केलं नाही. चाचांनी खिशातून पत्र्याची एक डबी काढली. तिच्यात तळाला ओल शोषायला कळीचा चुना आणि वर निळ्या कागदाचे नखाएवढे तुकडे. कोबाल्टच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून वाळवलेला हा कागद कोरडा असताना निळा असतो आणि वाफ लागली की गुलाबी होतो. त्यांनी टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. तोडून ठेवलेली जास्वंदीची फांदी, सावलीतल्या एका नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान आणि नळकांडी. प्रत्येकीवर निळा तुकडा ठेवून दोन काचांमध्ये दाबला आणि मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. जास्वंदीचा कागद बराच वेळ निळा राहिला, तिने तोंडं मिटून घेतली होती. नळकांडीचा बघता बघता गुलाबी झाला. नेच्याचा मधेच कुठेतरी. त्याचं पान आधी मलूल झालं आणि मग त्यावर ठेवलेला नवा तुकडा निळा राहिला.

‘‘ह्या नळकांडीचे पाय कायम पाण्यात,’’ चाचा म्हणाले, ‘‘तिला मिटायची घाईच नाय. तोंडं तेवढी खाचेत लपवून ठेवलीत. आणि नेचा हुकमानं नाय मिटत, बाय. आतलं पाणी सरलं की आपोआप मिटतो.’’

याच्यावर मोठमोठे अभ्यासक अजून भांडत आहेत, हे मी नंतर वाचलं. चाचा कुणाशी भांडत नव्हते. त्यांनी फक्त बघितलं होतं. त्या दिवसापासून मुलांसमोर मी ‘मॅडम’ आणि मुलं गेली की ‘बाय’.

त्या डबीचा एक नियम होता. जून लागला की ती कपाटात जायची आणि दिवाळीनंतरच बाहेर यायची. एका जुलैत मी हौसेने ती मागितली. चाचांनी एक तुकडा चिमट्याने काढून नुसता हवेत धरला. पान नाही, काही नाही. तो आपोआप गुलाबी झाला. ‘‘पावसाळ्यात हा कागद खोटं बोलतो,’’ ते म्हणाले आणि डबी परत आत ठेवली. खोटं बोलणाऱ्या वस्तूला त्यांच्याकडे चार-पाच महिने सक्तीची रजा असायची. खोटं बोलणाऱ्या माणसांचं ते काय करतात, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

पानावरची तोंडं मोजायला पारदर्शक नेलपॉलिश लागतं. पानाच्या मागे त्याचा थर द्यायचा, वाळला की सोलून काढायचा, भिंगाखाली धरला की ठसा दिसतो. कॉलेजच्या खरेदीच्या यादीत नेलपॉलिश बसत नाही, म्हणून चाचा ते अष्टमीच्या बाजारातून स्वतः घ्यायचे. चाची होत्या तोवर कुणाला काही वाटलं नाही. त्या गेल्या, तरी चाचा दर महिन्याला बाटली घेत राहिले. मग दाढी पांढरी झालेल्या या माणसाचं कुठेतरी जमलंय, असं बाजाराने ठरवून टाकलं. दुकानदाराने एकदा आडून आडून विचारलं तेव्हा चाचांनी गंभीरपणे सांगितलं की तिच्या अंगावर तोंडंच तोंडं आहेत, पण बोलत नाही, म्हणून बरं चाललंय. हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना ते हसले नाहीत. मी मात्र हसून बेजार झाले.

तरुणपणी दोन वर्षं ते आखातात जाऊन आले होते. सोबतचे सगळे तिकडेच राहिले, घरं बांधून मोकळे झाले. हे परत आले. धाटावच्या एका कंपनीतही चिकटत होते, पण शिफ्ट फिरती म्हणून नाही म्हणाले. रोज एका ठरावीक वेळेला त्यांना भिंत बघायची असे.

ती भिंत सांगायला हवी. प्रयोगशाळेच्या मागे जुनी काळ्या दगडाची, चुन्याने सांधलेली भिंत होती, पुरुषभर उंच. तिच्या सांध्यासांध्यांत मयूरशिखा उगवायची. वीतभरसुद्धा नाही, बोटाएवढीच, पंख्यासारखी उघडणारी, एखाद्या ताडाचं तान्हं पिल्लू म्हणावं अशी. हाही नेचाच. पण याच्या वाट्याला ओढा नाही की सावली नाही, तापलेला दगड आहे. जानेवारी सरता सरता ती पंखा मिटते, तपकिरी होते, मुठीसारखी आवळून भिंतीला चिकटते. मे महिन्यात ती भिंत बघून कुणीही शपथेवर सांगेल की इथे काही जिवंत नाही.

चाचांनी तेल-रंगाने प्रत्येक रोपाशेजारी आकडा घातला होता. एकूण एकेचाळीस. जुन्या हजेरीपटांच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी रकाने आखले होते: क्रमांक, मिटली, उघडली, शेरा. कॉलेजात लागल्यापासून, वर्षामागून वर्ष, एकेका रोपाची तारीख त्यांत होती. याचं काय करणार, असं मी एकदा विचारलं. ‘‘काय करायचं? बघायचं,’’ एवढंच म्हणाले. मला तेव्हा ते उत्तर भाबडं वाटलं होतं. आज त्या आकड्यांसाठी कुणी माझ्यापुढे हात जोडले तरी मला ते पुरे करून देता येणार नाहीत.

एकदा मार्चमध्ये बाहेरून आलेले एक परीक्षक ती भिंत बघून म्हणाले, ‘‘ही मेलेली झाडं कशाला जपलीत?’’ चाचांनी आकडा नसलेल्या जागेवरची एक वाळकी मूठ मुळासकट सोडवली आणि वाटीभर पाण्यात टाकली. ‘‘साहेब, उद्या सकाळी चहाला या.’’ साहेब आले. वाटीत हिरवागार पंखा उघडला होता. त्यांनी वाटी जवळ ओढून बघितली आणि मगच चहा घेतला. मी ती वाटी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, हे इथे सांगून ठेवते.

माझ्या गावीही चाचा एकदा आले होते. आमचं गाव पेणच्या खारेपाटात, वडील जन्मभर मिठागरावर राबलेले. खाडीच्या कडेला चिखलात एक उंच नेचा वाढतो, चामड्यासारख्या जाड पानांचा. चाचांना त्याचे ठसे घ्यायचे होते. रोजे चालू होते, तरी भर उन्हात हा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून पानांना नेलपॉलिश लावत होता आणि वडील बांधावर बसून बघत होते. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘काय गो, हा तुझा मास्तर बरा हाय ना?’’ मग वडिलांनी विचारलं की हे झाड करतं तरी काय. चाचांनी सांगितलं की ते पाणी वाचवतं, तोंडं कमी उघडतं, पान जाड ठेवतं. वडिलांना पटेना. चोहीकडे पाणी असताना पाणी कशाला वाचवायचं?

‘‘खारं हाय ना,’’ चाचा म्हणाले, ‘‘भरती येते, पण प्यायची सोय नाय.’’

वडील म्हणाले, ‘‘म्हंजे ते आमच्यातलंच हाय.’’ आमच्या गावात दारापर्यंत खाडी येते आणि प्यायच्या पाण्यासाठी बायका टँकरची वाट बघत बसतात. त्या दिवशी वडिलांनी चाचांना इफ्तार केल्याशिवाय सोडलं नाही. पुढे वडील जाईपर्यंत मला विचारायचे, तुझा तो नेचेवाला बरा आहे का.

निवृत्त झाल्यावरही चाचा रोज येत. त्यांना कुणी बोलावत नव्हतं आणि कुणी अडवतही नव्हतं. मग मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी आखातात, दोह्याला, आई नाही, म्हणून बापाने जायचं ठरवलं. एप्रिलच्या शेवटी त्यांनी मला कपाटाची दुसरी किल्ली दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. टाक्यात रोज पाणी सोडायचं. भिंतीवर मात्र थेंब पडता कामा नये.

‘‘हौसेनं पण नको,’’ ते म्हणाले. ‘‘अर्धवट जागी केली की परत मिटताना तिला दम लागतो. वहीतला हिशेबही बिघडतो. लोक मेली म्हणतील. म्हणू दे.’’

मी हो म्हणाले.

मे महिन्यात कॉलेजात रंगरंगोटी निघाली. जूनमध्ये कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि समितीनंतर लगेच माझ्या जागेची मुलाखत होती, कायमच्या जागेची. प्राचार्यांना मागची भिंत खुपत होती. तिला गिलावा करून क्रीम रंग द्यायचा ठरला. पण भिंतीवर आकडे घातलेत म्हटल्यावर त्यांना शंका आली असावी, कारण त्यांनी विभागाकडून एक कागद मागितला. मजकूर तयारच होता. भिंतीवरील वनस्पती पूर्णपणे वाळून मृत झालेल्या आहेत, सबब विभागाची हरकत नाही. खाली माझं नाव टाईप केलेलं. विभागात सुट्टीत मी एकटीच होते.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला दटावलं नाही. नुसतं विचारलं, मेलेल्याच आहेत ना? मी खिडकीतून बाहेर बघितलं. भर दुपार होती, एकेचाळीस तपकिरी मुठी दगडाला चिकटून होत्या. नळ तिथून दहा पावलांवर. सात नंबरवर एक मगभर पाणी ओतलं असतं आणि उद्या सकाळी चहाला या म्हटलं असतं, तर काम झालं असतं. मला ते माहीत होतं. माझ्याएवढं ते त्या कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं.

पण चाचांनीच पाणी घालू नको म्हणून सांगितलं होतं. मी मनातल्या मनात त्यांचा हा शब्द धरून बसले, त्यांच्या सगळ्या शब्दांपैकी नेमका हाच. पाणी घालायचं नाही, मग दाखवणार कसं, आणि दाखवता येत नाही, मग सांगून कोण ऐकणार. इतका सरळ हिशेब. चाचांना दोह्याला फोन लावता आला असता. तोही मी लावला नाही, लावला असता तर त्यांनी परवानगी दिली असती. मी सही केली.

गवंडी दुसऱ्याच दिवशी आले. त्यांतल्या एकाने माल कालवता कालवता विचारलं, ‘‘मॅडम, हे नंबर कसले वो?’’

‘‘जुने आहेत,’’ मी म्हणाले.

जूनच्या मध्यावर चाचा परतले. स्टेशनवरून घरी न जाता पिशवीसकट थेट कॉलेजात. माझ्यासाठी खजुराचा डबा होता आणि पारदर्शक नेलपॉलिशच्या तीन बाटल्या. तिकडचं चांगलं असतं, लवकर सुकतं, असं म्हणत ते नेहमीसारखे मागच्या दाराने बाहेर पडले. मी मागोमाग गेले. सांगायचं मी पाठ करून ठेवलं होतं.

क्रीम रंगाची गुळगुळीत भिंत होती. चाचा तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी हात लावला नाही. मी सगळं सांगितलं, सहीसुद्धा. मुलाखतीचंही सांगितलं, त्याने काही सोपं होईल म्हणून. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं,

‘‘पाणी नाय ना घातलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं केलंस. मीच सांगितलेलं.’’

मग ते टाक्याकडे वळले, पाण्यात बोट घालून बघितलं, नळकांडी बरी वाढलीय म्हणाले. माझा डबा टेबलावर ठेवला आणि गेले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते. माझं निमित्त त्यांनी माझ्या तोंडातून काढून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, ते मला अजून सहन होत नाही. रागावण्याइतकंही पाणी त्यांनी बाहेर जाऊ दिलं नाही.

मला ती जागा मिळाली. आज विभागात माझ्या नावाची पाटी आहे.

चाचांचं रोजचं येणं थांबलं. अष्टमीच्या बाजारात दोन-तीनदा दिसले, बोलले, वडील गेल्याचं कळलं तेव्हा घरी येऊन बसून गेले. भिंतीचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मला तो काढायचा धीर झाला नाही. दिवाळीनंतर मुलगी त्यांना दोह्याला घेऊन गेली. पुढच्या उन्हाळ्यात ते तिकडेच वारले. मोबाईलवर आलेल्या दोन ओळींत कळलं.

त्या दिवशी मी किल्लीने त्यांचं कपाट उघडलं. निळ्या कागदांची डबी होती आणि शेजारी हजेरीपट रचून ठेवलेले. सगळ्यात वरचा उघडला. शेवटच्या वर्षाच्या पानावर ‘मिटली’च्या रकान्यात एकेचाळीस तारखा होत्या, सुबक अक्षरात. ‘उघडली’चा रकाना कोरा होता. शेऱ्याचाही कोरा होता, फक्त सात नंबरपुढे जुलैची एक तारीख आणि त्यापुढे एक शब्द: जिवंत.

ती तारीख मला ओळखीची होती. त्या दिवशी मी त्यांना भिंतीपाशी पाहिलं होतं. ते आल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मी प्रात्यक्षिक संपवून मागच्या पडवीत आले, तर पावसाची झिमझिम चालू होती आणि चाचा छत्री मानेत अडकवून भिंतीशी वाकले होते. गिलाव्याला एक केसाएवढी चीर गेली होती, साधारण जिथे सात नंबर होता तिथे. दोन काचांच्या मधे धरून त्यांनी चिरेवर काहीतरी दाबलं होतं. मला वाटलं भिंग असेल. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि मला कळलं. ते कागद लावून वेळ मोजत होते, जुलैत.

ओल्या हवेत तो कागद नुसता हातात धरला तरी गुलाबी होतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी जाऊन त्यांच्या हातातल्या काचा काढून घ्यायला हव्या होत्या, निदान छत्री तरी धरायला हवी होती. मी पडवीत खांबाआड उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी काचा उजेडाकडे धरल्या, गुलाबी झालेला तुकडा नीट बघितला, आणि भिंतीला पाठ टेकून वही उघडली.